कालच्या टॉवरची नोंद कशासाठी?

मोबाइल दिवसभर खिशात नुसता पडून असला तरी कुणी आपला नंबर लावला की काही सेकंदांत तो वाजतो. त्या वेळी आपण घरात असू, धावत्या रेल्वेत असू किंवा परदेशात असू. फोन लावणाऱ्याला त्याची कल्पना असावी लागत नाही, पण कुणाला तरी ती असावीच लागते. जगात अब्जावधी हँडसेट चालू आहेत. त्यांतला नेमका आपला हँडसेट या घटकेला साधारण कुठे आहे हे ठाऊक असल्याखेरीज त्यावर बेल वाजवता येत नाही. मोबाइल वापरायचा आणि आपलं ठिकाण नेटवर्कला मुळीच कळू द्यायचं नाही, हे आजच्या रचनेत जमणारं नाही. खासगीपणाची बाजू घेणाऱ्यांनी हे आधी मोकळेपणाने मान्य करावं, असं मला वाटतं. ते मान्य केलं की खरा प्रश्न दिसू लागतो. जी माहिती एका कॉलपुरती, एका क्षणापुरती लागते, ती नावानिशी महिनोन्‌महिने, कुठेकुठे वर्षानुवर्षं का साठवली जाते? माझं म्हणणं असं आहे की ही साठवण नेटवर्कची गरज नाही. तो माणसांनी घेतलेला निर्णय आहे आणि माणसांना तो बदलता येतो.

नेटवर्क आपला माग कसा ठेवतं हे नीट पाहिलं की हे पटतं. अभियंत्यांसमोर सुरुवातीला दोन टोकं होती. पहिलं टोक म्हणजे प्रत्येक कॉलसाठी सगळ्याच टॉवरांवरून हाक मारायची. मोबाइलच्या आधी लोक पेजर वापरायचे, त्यात साधारण हेच होतं. निरोप संपूर्ण सेवाक्षेत्रात प्रक्षेपित व्हायचा आणि पेजर तो नुसता ऐकायचा. साधा एकतर्फी पेजर स्वतः काहीच प्रसारित करत नसे, त्यामुळे तो कुठे आहे हे कंपनीला कळायचंच नाही. कोट्यवधी ग्राहक असले की ही पद्धत कोलमडते, कारण हाकांनीच सगळी रेडिओ क्षमता भरून जाते. दुसरं टोक म्हणजे टॉवर बदलला की प्रत्येक हँडसेटने कळवायचं. तसं केलं तर बॅटरी संपते आणि कळवण्याच्या निरोपांचीच गर्दी होते.

म्हणून मधला मार्ग निघाला. बरेच टॉवर एकत्र करून त्यांचा एक विभाग करायचा. जीएसएममध्ये, म्हणजे २जीच्या तंत्रात, त्याला लोकेशन एरिया म्हणतात, ४जीमध्ये ट्रॅकिंग एरिया. प्रत्येक टॉवर आपली ओळख आणि आपल्या विभागाचा क्रमांक सतत प्रसारित करत असतो. फोन ते ऐकत असतो. क्रमांक तोच असेल तर फोन गप्प राहतो. क्रमांक बदलला की तो एक छोटा निरोप पाठवतो की मी आता या विभागात आलो आहे. याशिवाय ठरावीक काळाने, एकाच जागी असला तरी, फोन आपली हजेरी लावतो. बॅटरी अचानक संपली किंवा फोन तळघरात रेंजबाहेर गेला तर त्याला तसं कळवता येत नाही. हजेरी चुकली की फोन आता पोहोचण्याजोगा नाही, हे नेटवर्कला समजतं. विभागाच्या सीमेवर राहणाऱ्याचा फोन सारखा इकडून तिकडे उड्या मारत राहू नये म्हणून ४जीमध्ये फोनला एकाऐवजी विभागांची यादीच दिली जाते. त्या यादीच्या आत असेपर्यंत त्याने हलल्याचं काहीही कळवायचं नसतं. कमीत कमी माहितीत काम भागवण्याची ही युक्ती मला फार आवडते.

या निरोपांची नोंद दोन जागी होते. आपण ज्या कंपनीचं सिम घेतलं तिच्याकडे होम लोकेशन रजिस्टर असतं. त्यात प्रत्येक सिमसाठी एक नोंद असते आणि ठिकाणाबद्दल ती एवढंच सांगते की या सिमला सध्या कोणतं एक्स्चेंज सेवा देत आहे. त्या त्या एक्स्चेंजकडे व्हिजिटर लोकेशन रजिस्टर असतं आणि त्यात फोन कोणत्या विभागात आहे ते लिहिलेलं असतं. ४जी आणि ५जीमध्ये या यंत्रणांची नावं बदलली, पण कामाची वाटणी साधारण तीच राहिली. कॉल आला की घरच्या रजिस्टरला विचारलं जातं, तिथून सध्याच्या एक्स्चेंजचा पत्ता मिळतो, मग त्या विभागातल्या टॉवरांवरून हाक जाते. फोन एका टॉवरवरून उत्तर देतो आणि बेल वाजते.

आता यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ग्राहक एका एक्स्चेंजच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत गेला की घरचं रजिस्टर जुन्या एक्स्चेंजला एक संदेश पाठवतं. त्याचं नाव कॅन्सल लोकेशन. हा ग्राहक आता तुमच्याकडे नाही, त्याची नोंद काढून टाका, असा त्याचा आशय. १९८०च्या दशकात युरोपात जीएसएमचे नियम लिहिणाऱ्यांनी विसरण्याची आज्ञा नेटवर्कच्या भाषेतच घालून ठेवली होती. कॉल पोहोचवण्यासाठी कालचं ठिकाण निरुपयोगी असतं, उलट जुनी नोंद राहिली तर कॉल चुकीच्या जागी जाण्याचा धोका. पोस्टमनला पत्र द्यायला आजचा पत्ता लागतो. गेल्या वर्षभरात आपण कुणाकुणाकडे मुक्कामाला होतो याची वही त्याला लागत नाही.

मग ही वही आली कुठून? ती बिलातून आली. प्रत्येक कॉलची एक नोंद होते, पोलिसांच्या आणि बातम्यांच्या भाषेत तिला सीडीआर म्हणतात. कुणी कुणाला, केव्हा, किती वेळ फोन केला याच्या जोडीला त्यात कॉल कोणत्या टॉवरवरून झाला हेही लिहिलं जातं. रोमिंगचा हिशेब, कंपन्याकंपन्यांमधली देणीघेणी, तक्रारींची तड लावणं यासाठी त्याचा उपयोग होता. दिवसाला चार कॉल करणाऱ्या माणसाचे त्यातून चार ठिपके मिळायचे. स्मार्टफोन आला आणि हे चित्र पार पालटलं. आता फोन गप्प बसतच नाही. मेल, संदेश, बातम्या, हवामान असं काही ना काही पाठीमागे सतत आणलं जातं आणि दर वेळी फोन एका नेमक्या टॉवरशी जोडला जातो. जोडलेल्या अवस्थेत तो शेजारच्या टॉवरांचा सिग्नल किती येतो हेही कळवतो, म्हणजे चालू जोडणी न तुटता पुढच्या टॉवरकडे सोपवता येते. शिवाय सिग्नलला यायला लागणाऱ्या वेळेवरून टॉवर आपल्यापासूनचं अंतर मापतो. जीएसएममध्ये हे मापन सुमारे ५५० मीटरच्या टप्प्यांत व्हायचं, ४जीमध्ये टप्पा सुमारे ७८ मीटरचा झाला. शहरांत टॉवरही दाट झाले. विभागाएवढी ढोबळ माहिती गल्लीएवढी बारीक झाली आणि अधूनमधूनचे ठिपके जवळजवळ अखंड रेषा बनले. या बदलाला ग्राहकाची संमती कुणी कधी विचारली नाही. नोंदींचे जुने नियम तसेच राहिले आणि त्यांच्या पोटातली माहिती मात्र कित्येक पटींनी वाढली.

ती किती वाढली हे जर्मनीतले राजकारणी माल्टे श्पित्स यांनी जगाला दाखवलं. त्यांनी आपल्या मोबाइल कंपनीकडे स्वतःच्याच नोंदी मागितल्या, त्यासाठी न्यायालयापर्यंत गेले आणि त्या मिळाल्यावर जाहीर केल्या. ऑगस्ट २००९ ते फेब्रुवारी २०१० या सहा महिन्यांत त्यांच्या ठिकाणाच्या ३५ हजारांहून अधिक नोंदी होत्या. २०११मध्ये एका वृत्तपत्राने त्या, त्यांच्या जाहीर ट्वीट आणि ब्लॉगमधल्या माहितीशी जोडून, नकाशावर मांडल्या. ते कधी झोपले, कोणत्या गाडीने गेले, कोणत्या सभेला होते, हे कुणीही तारीख निवडून पाहू शकत होतं. यातल्या ठिकाणाच्या नोंदींसाठी त्यांना ना कुठे ‘चेक-इन’ करावं लागलं, ना कोणत्या अ‍ॅपला परवानगी द्यावी लागली. त्यांचा फोन फक्त चालू होता.

नावं काढून टाकली तर चालेल का, असं यावर विचारलं जातं. २०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात १५ लाख लोकांच्या १५ महिन्यांच्या मोबाइल नोंदी तपासल्या गेल्या. नावं नव्हती, वेळ तासाच्या आणि जागा टॉवरच्या अचूकतेने होती. तरीही वेळ आणि जागा असे फक्त चार ठिपके माहीत असले की ९५ टक्के लोकांचा माग इतर सर्वांपासून वेगळा ओळखता येत होता. राहण्याची जागा, कामाची जागा आणि आणखी दोन ठिकाणं एवढी माहिती आपल्या ओळखीतल्या कुणालाही असते. त्यामुळे ‘नावं नाहीत, मग काळजी कसली’ हे म्हणणं, एकेका माणसाची स्वतंत्र रेषा साठवलेली असेल तोवर, मला मान्य नाही.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये कार्पेंटर खटल्यात याच रेषेचा विचार केला. तपास यंत्रणेने एका आरोपीच्या १२७ दिवसांच्या टॉवर नोंदी झडतीच्या वॉरंटशिवाय मिळवल्या होत्या. त्यांत १२,८९८ ठिकाणं होती, म्हणजे दिवसाला सरासरी १०१. सरकारची बाजू अशी होती की माहिती कंपनीकडे आहे, ग्राहकाने ती स्वतःहून दुसऱ्याच्या हाती दिली आहे, तेव्हा त्यावर त्याचा खासगीपणाचा हक्क उरत नाही. मुख्य न्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी लिहिलेल्या निकालाने पाच विरुद्ध चार मतांनी हे नाकारलं. फोन चालू ठेवण्यापलीकडे ग्राहक काहीच करत नाही, फोन आजच्या जगण्यात टाळता येत नाही, मग त्याने ही माहिती ‘स्वतःहून दिली’ कसं म्हणायचं? निकालातला हा विचार मला पूर्ण पटतो. पण तो निकाल एका गोष्टीला हात लावत नाही. नोंदी कोणत्या कागदावर मागायच्या हे तो सांगतो. त्या मुळात ठेवायच्याच का, हे विचारत नाही.

युरोपात हाच प्रश्न थेट विचारला गेला. २००६च्या युरोपीय निर्देशाने सदस्य देशांतल्या कंपन्यांना सर्व ग्राहकांच्या अशा नोंदी किमान सहा महिने आणि जास्तीत जास्त दोन वर्षं ठेवायला लावलं होतं. संशय असो वा नसो, सगळ्यांच्या. जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने मार्च २०१०मध्ये आपल्या देशातला त्यावर आधारलेला कायदा रद्द केला आणि ८ एप्रिल २०१४ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने तो निर्देशच अवैध ठरवला. त्यानंतरही अनेक सरकारं वेगवेगळ्या वाटांनी साठवणीकडे परत वळत राहिली आणि न्यायालय पुन्हा पुन्हा त्यांना अडवत राहिलं. गंभीर गुन्ह्यांच्या तपासासाठीसुद्धा सरसकट सर्वांच्या ठिकाणांच्या नोंदी साठवता येणार नाहीत, असं त्याने एप्रिल २०२२मध्ये पुन्हा सांगितलं.

तो २०२२चा निकाल आयर्लंडमधल्या एका खुनाच्या खटल्यातून आला होता आणि साठवणीच्या बाजूचा सर्वांत वजनदार युक्तिवाद त्याच खटल्यात आहे. एका स्त्रीचा क्रूर खून झाला होता आणि आरोपीपर्यंत पोहोचताना मोबाइलच्या जुन्या नोंदींचा आधार घेतला गेला होता. खून झाला तेव्हा कुणाला त्याचा सुगावा नव्हता, संशय बराच नंतर आला. नोंदी आधीपासून साठवलेल्या नसत्या तर मिळाल्याच नसत्या. अशा स्त्रीच्या आईवडिलांसमोर उभं राहून खासगीपणाबद्दल बोलणं सोपं नाही आणि ते सोपं आहे असं भासवणारे लेख मला आवडत नाहीत. त्या खटल्यातला पुरावा अखेर ग्राह्य धरला गेला आणि शिक्षा कायम राहिली, हे खरं. पण प्रश्न त्या एका खटल्यापुरता नाही. नोंदी लवकर पुसल्या तर काही गुन्हे उकलणार नाहीत. ही किंमत खरी आहे आणि ती आपण मोजायला तयार आहोत का, हे ठरवावं लागेल.

मी तयार आहे आणि त्याची कारणं आहेत. पहिलं असं की तपासासाठी सगळ्यांची सगळी साठवण हा एकमेव मार्ग नाही. संशय येताच ठरावीक व्यक्तीच्या किंवा ठरावीक जागेच्या, कंपनीकडे त्या क्षणी असलेल्या आणि पुढे येणाऱ्या नोंदी गोठवून ठेवण्याचा आदेश देता येतो. युरोपात या पद्धतीला क्विक फ्रीझ म्हणतात आणि न्यायालयाने ती मान्य केली आहे. नेटवर्क चालवण्यासाठी काही दिवसांच्या नोंदी तशाही लागतात, त्यामुळे ताज्या गुन्ह्यांत ही पद्धत बहुतेकदा पुरेशी ठरावी. दुसरं असं की सरसकट साठवण बंद केली तर गुन्हेगारी मोकाट सुटेल, ही भीती तपासून पाहिली गेली आहे. जर्मनीत २०१०नंतर साठवणीची सक्ती नसताना काय झालं, याचा अभ्यास न्यायमंत्रालयाने फ्रायबुर्गच्या माक्स प्लांक या संशोधन संस्थेकडून करून घेतला. गुन्हे उकलण्याच्या प्रमाणात त्यामुळे फरक पडल्याचं त्या अभ्यासाला आढळलं नाही. एकेका खटल्यात फरक पडतो, हे त्याने खोटं ठरत नाही. पण ‘याशिवाय पोलीस आंधळे होतील’ हे म्हणणं मात्र टिकत नाही.

तिसरं कारण फार कमी बोललं जातं. टॉवरची नोंद दिसते तितकी बोलकी नसते. फोन सर्वांत जवळच्या टॉवरशीच जोडला जातो असं नाही. मध्ये टेकडी आली, उंच इमारत आली, पाण्यावरून लहर लांब गेली, जवळच्या टॉवरवर गर्दी झाली की फोन दूरच्या टॉवरकडे जातो. एका टॉवरचा एक अँटेना बहुधा वर्तुळाचा तिसरा भाग सांभाळतो, आणि मोकळ्या मुलखात जीएसएमच्या एका टॉवरची पोच ३५ किलोमीटरपर्यंत असू शकते. ‘आरोपीचं लोकेशन घटनास्थळी होतं’ या वाक्याचा अर्थ कित्येकदा ‘आरोपी त्याच परिसरात कुठेतरी होता’ एवढाच असतो. डेन्मार्कमध्ये २०१९मध्ये उघडकीला आलं की कंपन्यांकडून येणारा कच्चा डेटा पोलिसांसाठी रूपांतरित करताना काही नोंदी गळत होत्या आणि काही फोन चुकीच्या टॉवरशी जोडलेले दिसत होते. २०१२पासूनचे १० हजारांहून अधिक खटले पुन्हा तपासायला घ्यावे लागले, दोन महिने असा पुरावा वापरणं थांबवावं लागलं आणि काही कैद्यांना सोडावं लागलं. न्यायाची व्यवस्था नीट सांभाळणाऱ्या देशात हे झालं. नोंदी जितक्या जास्त, तितका त्यांच्यावर विसंबण्याचा मोह जास्त, आणि नकाशावरचा ठिपका माणसाच्या साक्षीपेक्षा खरा वाटतो म्हणून त्याची उलटतपासणीही कमी होते.

आणि चौथं कारण, माझ्या लेखी सर्वांत मोठं. साठा ज्या हेतूने केला, त्याच हेतूपुरता तो कधीच राहत नाही. २०१४च्या जानेवारीत युक्रेनच्या राजधानीत सरकारविरोधी आंदोलन चालू होतं. तिथे जमलेल्यांच्या फोनवर एक संदेश आला की आपली सामूहिक दंगलीत सहभागी म्हणून नोंद झाली आहे. मोबाइल कंपन्यांनी तो आपण पाठवल्याचं नाकारलं. खोटा टॉवर उभारूनही असा संदेश पाठवता येतो. तो कुणी पाठवला यापेक्षा त्यातली धमकी महत्त्वाची आहे, कारण ती खरी करणं अगदी शक्य आहे. एका टॉवरवर एका वेळी कोणकोण होतं याची यादी काढण्याला टॉवर डम्प म्हणतात. गुन्ह्याच्या तपासात पोलीस ती मागवतात. त्याच पद्धतीने मोर्च्यातल्या प्रत्येकाचं नाव मिळतं, संपकऱ्यांचं मिळतं, एखाद्या पत्रकाराला भेटायला आलेल्या अधिकाऱ्याचं मिळतं. जुना साठा असेल तर आज सत्तेवर आलेला माणूस दोन वर्षांपूर्वीच्या सभेची यादी काढू शकतो. ‘मी काही लपवत नाही’ असं म्हणणाऱ्यांना माझं सांगणं आहे की आपल्या मागात आपण एकटे नसतो. आपण ज्याला भेटलो त्याचाही माग त्यात असतो, आणि त्याला लपवण्यासारखं काही आहे की नाही हे आपण ठरवायचं नसतं.

सरकारच कशाला? अमेरिकेत मोठ्या मोबाइल कंपन्या ग्राहकांचं ठिकाण मधल्या दलालांना देत होत्या आणि ते हातोहात पुढे विकलं जात होतं. २०१९मध्ये एका पत्रकाराने ३०० डॉलर देऊन एका फोनचं ठिकाण बाजारातून मिळवून दाखवलं. तिथल्या दूरसंचार आयोगाने एप्रिल २०२४मध्ये या कंपन्यांना मिळून सुमारे २० कोटी डॉलरचा दंड ठोठावला. कंपन्या न्यायालयात गेल्या आणि वेगवेगळ्या न्यायालयांनी वेगवेगळे निकाल दिले. २०२४च्याच जुलैमध्ये तिथल्याच एका बड्या कंपनीने सांगितलं की २०२२मधल्या सुमारे सहा महिन्यांच्या, आपल्या जवळजवळ सर्व मोबाइल ग्राहकांच्या कॉल आणि संदेशांच्या नोंदी चोरीला गेल्या आहेत. त्यांतल्या काही नोंदींत टॉवरचे क्रमांकही होते. चोरी झाली तेव्हा त्या नोंदी दीड-दोन वर्षं जुन्या होत्या. त्या वेळीच पुसल्या असत्या तर चोरायला काही उरलं नसतं. कुलूप अधिक भक्कम करू, असं कंपन्या दर वेळी सांगतात. मला कुलपाबद्दल बोलायचंच नाही, आत काय ठेवलंय त्याबद्दल बोलायचं आहे.

इथे एक मान्य करायला हवं की इतिहास पुसला तरी सगळं सुरक्षित होत नाही. कंपन्यांची नेटवर्कं एकमेकांशी ज्या भाषेत बोलतात तिची, एसएस७ची, पायाभरणी १९७०च्या दशकातली आहे. तेव्हा जगात मोजक्या कंपन्या होत्या आणि त्यांचा एकमेकांवर विश्वास होता. त्यामुळे जगातल्या कुठल्याही कंपनीच्या आडून घरच्या रजिस्टरला ‘हा ग्राहक सध्या कुठे आहे’ असं विचारलं तर उत्तर मिळायचं. टोबियास एंगेल या जर्मन संशोधकाने हे २००८मध्ये आणि पुन्हा २०१४मध्ये जाहीर करून दाखवलं. २०१६मध्ये अमेरिकी संसदेचे सदस्य टेड लू यांच्या संमतीने, केवळ त्यांच्या फोन नंबरवरून, त्यांचा माग काढण्याचा प्रयोग झाला आणि तो यशस्वी ठरला. कंपन्यांनी नंतर अशा प्रश्नांवर चाळण्या बसवल्या, पण सगळीकडे त्या सारख्या नाहीत. ‘आत्ता’ची राखण हा वेगळा लढा आहे आणि तोही लढायला हवा.

साठवणीच्या बाजूने आणखी दोन गोष्टी सांगितल्या जातात, आपत्ती आणि साथीचे रोग. दोन्ही खऱ्या आहेत. २०१०च्या भूकंपानंतर हैतीच्या राजधानीतून किती लोक कुठे गेले याचा अंदाज संशोधकांनी सुमारे १९ लाख सिमच्या हालचालींवरून बांधला. केनियात जवळपास दीड कोटी मोबाइलधारकांच्या प्रवासावरून मलेरियाचा जंतू माणसांबरोबर कुठून कुठे जातो हे शोधलं गेलं. हे काम मोलाचं आहे. पण त्यातून हवी होती ती आकडेवारी, इथून तिथे किती जण गेले ही. ती रोजच्या रोज मोजून, एकेकाची रेषा टाकून देता येते. संकटात अडकलेल्या माणसाबद्दल बोलायचं तर त्याच्या मदतीसाठी इतिहास लागतच नाही. ब्रिटनमध्ये २०१४पासून सुरू झालेली अ‍ॅडव्हान्स्ड मोबाइल लोकेशन ही सोय पाहा. आणीबाणीचा नंबर लावला की फोन स्वतःच आपलं नेमकं ठिकाण त्या यंत्रणेला पाठवतो. गरज पडेल तेव्हा, गरज आहे त्याला, त्या वेळेपुरतं. ठिकाणाच्या माहितीचा याहून चांगला वापर मला सुचत नाही आणि त्यासाठी वर्षभराची वही लागत नाही.

रचना आणखी पुढे नेता येते. ५जीमध्ये सिमची कायमची ओळख हवेत उघडी न पाठवता कूटबद्ध करून पाठवण्याची सोय आली. त्याने खोटे टॉवर उभारून लोकांच्या ओळखी गोळा करणाऱ्यांना आळा बसतो. पण कुलपाची किल्ली घरच्या कंपनीकडेच असते, म्हणजे परक्यांपासून संरक्षण मिळतं, कंपनीपासून नाही. पॉल श्मिट आणि बरत राघवन या संशोधकांनी २०२१मध्ये त्याहून मूलभूत प्रश्न विचारला. टॉवरला आपलं नाव कशाला हवं? या फोनचे पैसे भरलेले आहेत एवढं कळलं की सेवा देता येते. त्यांच्या रचनेत पैसे भरल्याची खूण वेगळ्या ठिकाणी, अशा गणिती पद्धतीने तपासली जाते की ती कुणाची हे तपासणाऱ्यालाही जुळवता येत नाही. नेटवर्कला फोन दिसतो, माणूस दिसत नाही. या रचनेत साधे कॉलही इंटरनेटवरून करावे लागतात आणि कायद्याने प्रत्येक सिमला नाव जोडायला लावणाऱ्या देशांत ती सरळ बसणार नाही. तरी एक गोष्ट तिने सिद्ध केली की माग ठेवण्यावाचून नेटवर्क चालत नाही हे गृहीतक पूर्ण खरं नाही.

तेव्हा माझी मागणी काय? टॉवरचा क्रमांक असलेली प्रत्येक नोंद बिल आणि तक्रारीची मुदत संपताच पुसली जावी, आणि ती मुदत महिन्यांत नव्हे, दिवसांत मोजली जावी. बिलाला मिनिटं आणि डेटा लागतो, ठिकाण लागत नाही. ते त्यातून आधीच वेगळं काढावं. मागच्या किंवा पुढच्या नोंदी हव्या असतील तर न्यायाधीशाचा आदेश असावा, आणि टॉवर डम्पसाठी तर अधिक कडक, कारण त्यात एका संशयितापायी हजारो निर्दोष माणसं उघडी पडतात. तपास संपल्यावर ज्यांच्या नोंदी पाहिल्या त्यांना तसं कळवलं जावं. आणि श्पित्स यांना ज्यासाठी न्यायालयात जावं लागलं ते प्रत्येक ग्राहकाला साध्या अर्जावर मिळावं. आपल्या कंपनीकडे आपला किती माग आहे हे एकदा नकाशावर पाहिलं की बहुतेकांचं मत तिथल्या तिथे तयार होईल, असा माझा विश्वास आहे.

हे सगळं आत्ताच बोलण्याचं एक कारण आहे. ६जीचे नियम लिहायला सुरुवात झाली आहे आणि ती नेटवर्कं २०३०च्या आसपास येतील असा अंदाज आहे. येणाऱ्या नेटवर्कांत रेडिओ लहरींनीच आसपासच्या वस्तूंचा वेध घेण्याची क्षमता आणायची चर्चा आहे, म्हणजे ठिकाण आणखी बारीक कळणार. हे नियम ३जीपीपी या जागतिक मंडळात ठरतात. तिथे मोबाइल कंपन्या असतात, यंत्रं बनवणारे असतात, आणि कायदेशीर पाळतीसाठी नेटवर्कमध्ये काय सोय असावी हे ठरवणारा एक स्वतंत्र गटही असतो. नोंद किती दिवसांनी आपोआप पुसली जावी हे ठरवणारा तसाच एक गट तिथे हवा, आणि त्यात माहिती संरक्षणाच्या नियामकांना व ग्राहकांच्या प्रतिनिधींना मत देण्याचा अधिकार हवा. नियम छापून झाल्यावर, टॉवर उभे राहिल्यावर आणि अब्जावधी हँडसेट विकले गेल्यावर हा बदल करायला निघालो, तर पुढची दहा-पंधरा वर्षं पुन्हा न्यायालयांच्या पायऱ्या चढण्यात जातील.